शिरूरचं डोकं

दानीमामा ऑर्केस्ट्रा बघायला आले की स्टेजला छाती टेकून उभे राहायचे आणि गाणाऱ्या बाईकडे, नाचणाऱ्या पोरांकडे, कुणाकडेही बघायचे नाहीत. त्यांची नजर गिटारच्या डोक्यावर. ज्यांनी गिटार लांबूनच पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगतो: लांब दांड्याच्या टोकाला जी फळी असते, जिच्यात तारा पिळायच्या खुंट्या बसवतात, तिला आम्ही डोकं म्हणतो. गाणं चालू असताना मामा मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून त्या फळीचं माप घ्यायचे. गाणं संपलं की टाळ्याही वाजवायचे, पण त्या नक्की कुणासाठी ते कळायचं नाही.

मला ते पहिल्यांदा भेटले ते दौंडला, गणपतीच्या कार्यक्रमात. मी तेव्हा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत टर्नर होतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवायचो. त्या संध्याकाळी माझी मलाच दृष्ट लागेल असं वाजवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर खिशाला सुताराची जाड पेन्सिल अडकवलेला एक उंच माणूस स्टेजच्या मागे आला. मला वाटलं, आता हा पाठ थोपटणार. त्यानं माझ्या गिटारचं डोकं हातात धरलं, कडेनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वाजवलंस झ्याक. पण डोकं उसनं हाय."

गिटार एका अमेरिकन नमुन्याची स्वस्त नक्कल होती, हे खरंच होतं. पण खरं बोलणारा माणूस आवडलाच पाहिजे असं कुठं आहे? मला तो तिथल्या तिथे नावडला. आणि पुढच्या सुट्टीला मी शिरूरची एसटी धरली.

दानिएल रणभिसे हे त्यांचं पूर्ण नाव; मामा ते सगळ्यांचेच. चर्चच्या मागच्या गल्लीत घर आणि घरामागे पत्र्याची शेड. वडील मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. मामांनी बाकं-कपाटं सोडून इलेक्ट्रिक गिटारी करायला घेतल्या, तेव्हा वडिलांनी म्हणे वर्षभर अबोला धरला होता. चर्चमधली तरुण मंडळी, गावोगावचे ऑर्केस्ट्रे, आणि कारेगाव-सणसवाडीला खोल्या करून राहणारे झारखंड-ओडिशाकडचे कामगार, असं त्यांचं गिऱ्हाईक. रविवारी दुपारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. मामा मध्ये स्टुलावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वतःचं कौतुक करायचे, आणि माणसं माना डोलवायची.

लाकूड कुठून आणायचे, तर भंगारातून. रांजणगावच्या कारखान्यांत परदेशी यंत्रं येतात ती भल्या मोठ्या लाकडी खोक्यांतून. यंत्र आत जातं, खोकं कारेगावच्या भंगारवाल्याकडे येतं. मामा तिथे जाऊन खोक्याच्या तळाच्या, यंत्राचं वजन सोसणाऱ्या पट्ट्या निवडायचे. बोटाच्या पेरानं वाजवून, कान लावून ऐकायचे. "ह्यो जर्मन हाय. लवकर ऐकायचा न्हाई, पर एकदा ऐकला की जन्मभर वाकायचा न्हाई." भंगारवाला बिचारा ती पट्टी जळणाच्या भावानं द्यायला निघालेला असायचा आणि हे बोलणं ऐकून विचारात पडायचा.

त्या पट्ट्या अरुंद. त्यामुळे मामांच्या गिटारीचं डोकंही अरुंद, सपाट, आणि सहाही खुंट्या एकाच बाजूला. मी एकदा विचारलं, "मामा, जुन्या गिटारींना तीन खुंट्या इकडं, तीन तिकडं असतात, डोकंही मागं कललेलं असतं. ते बदललं कशानं?"

मामांना असा प्रश्न म्हणजे सणच. रंधा खाली ठेवून म्हणाले, "बघ दौंडकर. हौसेनं कुणी डोकं बदलत न्हाई. लाकूड कमी पडतं तवा बदलतं. मोडतं तवा बदलतं. न्हाईतर शेजारचा भांडाय येतो तवा बदलतं. मागं कलतं डोकं काढायचं म्हंजी जाड ठोकळा पायजे, आन् निम्म्याचा भुस्सा. त्यात ते पडलं की मानंतनं मोडतं. अमेरिकेत ज्यानं पयल्यांदा इलेक्ट्रिक गिटारीला एका फळीतनं सपाट डोकं काढलं, त्यानं आपल्यावानीच लाकडाचा हिशेब केला आसंल. आन् खुंट्या एका रांगेत आल्या की तार नाकासमोर जाती, वाकत न्हाई, सूर टिकतो."

"आणि शेजारचा भांडायला येतो म्हणजे?"

"मोठ्या कंपन्या आपल्या डोक्याचा आकार नावावर करून घेत्यात. सातबारा म्हण. मग नक्कल करणारा एक कोपरा उडवतो, एक कान काढतो, आन् म्हणतो ह्यो माझा येगळा. बांधाचीच भांडणं ती."

"मग ती टोकदार डोकी? भाल्यासारखी?"

"ती पोरींना दाखवायला."

आतून मामींचा आवाज आला, "आन् तुमचं कुणाला दाखवाय हाय?"

मामा हसले आणि त्यांनी रंधा उचलला.

सहा-सात महिने मी सुट्टीच्या दिवशी जात राहिलो. त्यांनी शिकवण्यात हात आखडता घेतला असं मी म्हणणार नाही. पण शिकता शिकता माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते कशानं, तेही सांगतो. त्यांच्या डोक्याची वरची कड एका विशिष्ट तऱ्हेनं खाली उतरायची. बैल पाणी प्यायला मान खाली घालतो तशी. मंडपात शेवटच्या खुर्चीवर बसलेला माणूससुद्धा म्हणायचा, "शिरूरचं डोकं हाय." त्याला गिटारमधलं ओ की ठो कळत नसे, पण तेवढं ओळखायचा. मामांचं एक आवडतं वाक्य होतं: "गिटार बगलंत असती, डोकं भायेर असतं. मागच्या माणसाला तेवढंच दिसतं." मला ते वाक्य झोंबायचं. मी त्यांच्यापेक्षा दसपट चांगला वाजवायचो. त्यांना धड तीन गाणी येत नव्हती. तरी मंडपात नाव त्यांचं. मला एकच गोष्ट हवी होती: कुणीतरी लांबून बघून म्हणावं, "हे दौंडचं डोकं."

म्हणून एका रविवारी मी मामांच्याच शेडमध्ये, त्यांना न विचारता, जुन्या पलंगाच्या सागवानी पट्टीतून माझ्या मनाचं डोकं काढायला बसलो. पहिलाच घोळ असा की खुंटीचं एक भोक रेघ सोडून पडलं. मी सागाचीच गुल्ली ठोकून ते बुजवलं आणि शेजारी नवं पाडलं. गुल्लीचं वर आलेलं टोक पटाशीनं तासायला गेलो आणि पटाशी घसरली. डोक्याच्या सपाट, खुंट्या नसलेल्या बाजूच्या कडेचा एक लचका निघून खाली पडला. तेवढ्यात मामा मागे आलेले. रविवारची सगळी मंडळी बसलेली. मामांनी ती पट्टी हातात घेतली, लचक्याच्या जागी अंगठा ठेवला आणि खो खो हसले. "आरं, ह्याला तर उंदरानं खाल्लं!" सगळी शेड हसली. मी पट्टी तिथेच टाकून एसटी स्टँड गाठला. पुढे गेलो ते पाहुण्यासारखा, शिकायला म्हणून नाही.

दौंडला रेल्वे क्वार्टर्सच्या पलीकडे मी माझी शेड टाकली. आता बघा म्हटलं. पहिल्यांदा भाल्यासारखी टोकदार डोकी केली. पोरांच्या उड्या पडल्या, पण महिनाभरात निम्म्या गिटारी टोक मोडून परत आल्या. ऑर्केस्ट्रा टेम्पोतून फिरतो, आणि टेम्पोचं दार कुणाची कला बघून लागत नाही. मग थोरलं, परातीएवढं डोकं केलं आणि त्यावर 'दौंड' असं ठसठशीत रंगवलं. टीव्हीवर नाव दिसावं म्हणून परदेशातही एका काळात डोकी मोठी झाली होती, हेही मला मामांनीच सांगितलेलं. पण माझं डोकं इतकं जड झालं की हात सोडला की गिटार खाली जायची. एक वाजवणारा म्हणाला, "दादा, गिटार चांगली हाय, पर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करती." हे शिरूरपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मामांनी निरोप धाडला, "दौंडची गिटार संस्कारी हाय म्हणं."

एव्हाना मामांच्या डोक्याला एक नवी गोष्ट आली होती. सपाट बाजूला, वरच्या कोपऱ्याच्या जरा खाली, एक गोल गुळगुळीत खाच. मी म्हटलं, म्हातारपणी नटायची हौस. पण ती खाच लोकांना आवडली. कारेगावच्या खोल्यांमध्ये राहणारा सुशील नावाचा झारखंडचा एक वेल्डर माझ्याकडे तारा न्यायला यायचा. माझ्या सगळ्या गिटारी न्याहाळून तो अगदी सरळ मनानं विचारायचा, "भैया, वो कटिंग वाला सिर नहीं बनाते क्या?"

खाच कुठून सुचली असं कुणी मामांना विचारलं, आणि मी समोर असलो, तर ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ती खाच दौंडची हाय. माझी न्हाई." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हणजे माझी पटाशी घसरलेली गोष्ट हा माणूस गिऱ्हाइकांपुढे अजून चघळत होता! आणि कहर म्हणजे ऐकणारे भारावून जायचे. "बघा, केवढं मोठं मन. शिष्याला मान देत्यात." माझी टिंगल करून मोठेपणा मिळवायचा, ही विद्या मात्र त्यांनी मला शिकवली नव्हती.

मग मी माझं हुकमी पान काढलं. डोकंच नसलेली गिटार. परदेशात हेही होऊन गेलेलं आहे: डोकं काढून टाकायचं आणि तारा पिळायची व्यवस्था खालच्या बुडाशी न्यायची. हलकी, सुटसुटीत, टेम्पोत मोडायला काही उरतच नाही. बुडाशी बसणाऱ्या पितळी खुंट्या मी स्वतः लेथवर काढल्या. सुताराला हे जन्मात जमलं नसतं, त्याला टर्नरच पाहिजे. केडगावच्या एका ऑर्केस्ट्राचे मालक, बापू म्हणतात त्यांना, ती वाजवून बघून इतके खूश झाले की तिथल्या तिथे घेऊन गेले. माझ्या मनात आलं, शिरूरला डोकं आहे ना, असू दे. दौंडला डोक्याची गरजच नाही.

खंडेनवमीला बापूंनी मला मुद्दाम बोलावलं. त्यांच्याकडे त्या दिवशी सगळी वाद्यं भिंतीशी ओळीनं मांडतात. ढोलकी, हलगी, ऑर्गन, ऑक्टोपॅड, गिटारी. प्रत्येकाला गंध, अक्षता आणि झेंडूचा हार. बापूंची बायको हारांचं ताट घेऊन ओळीनं येत होती. मामांची एक गिटार होती, शेजारी माझी. मामांच्या गिटारीला हार घातला. एका बाजूनं तो खुंटीवर टेकला, दुसऱ्या बाजूनं दोरा बरोबर त्या खाचेत बसला. हार सरळ, नवरदेवाच्या गळ्यात असावा तसा. मग वहिनी माझ्या गिटारीपुढे आल्या आणि थबकल्या.

"हिचं तोंड कुठं हाय?"

त्यांनी दांड्याच्या बोडक्या टोकावरून हार घातला. तो सरळ घसरत खाली गेला आणि बुडाशी गोळा होऊन बसला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. कुणी म्हणालं सुतळीनं बांधा, कुणी म्हणालं खिळा मारा. बापू कपाळाला आठ्या घालून बघत होते. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "पावणं, राग मानू नका. बिनमुंडक्याचं पूजेत मांडत न्हाईत." आणि त्यांनी माझी गिटार ओळीतून काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. दसऱ्यानंतर ती माझ्याकडे परत आली.

मी त्या दिवशी केडगावहून घरी गेलोच नाही. तडक शिरूर गाठलं. मामा शेडमध्ये डिंक ढवळत होते.

"मामा, तुम्ही ख्रिश्चन. तुमच्यात खंडेनवमी नाही, गंध नाही, हार नाही. जन्मापासून वाद्यांची पूजा करतोय तो मी. मग हाराचं तुम्हाला कसं सुचलं?"

मामांनी डिंकातली काडी बाहेर काढली. "तू जवा हार घालतोस, तवा काय करतोस?"

"हात जोडतो."

"आन् डोळे?"

"डोळ्यांचं काय?"

"डोळे मिटतोस. समदेच मिटत्यात. मला बी बोलावत्यात लोकं खंडेनवमीला, मी मागं हुबा असतो. माझे उघडे असत्यात. साऱ्या गिटारींचे हार एका बाजूनं घसरल्याले, वाकडं लोंबत्यात, कुणी सुतळी बांधलीया, कुणाचा दोरा खुंटीत गुतून सूर उतारलाय. वर्षानुवर्ष बघितलं म्या. काय करावं ते कळत नव्हतं." मग ते नेहमीचं हसू हसून म्हणाले, "आन् खाच म्हणशील तर ती दौंडची हाय."

त्या क्षणी तरी त्यांनी ते बोलायला नको होतं. मी पाणीसुद्धा न घेता निघालो. मामी फाटकापर्यंत आल्या, "भाऊ, च्या तरी घ्या," म्हणत राहिल्या.

त्यानंतर मी काही वर्षं नुसती दुरुस्तीची कामं केली. मामांची मान पुढे थरथरायला लागली, मग हात. पटाशी धरवेना तेव्हा ते स्टुलावर बसून नुसते कडेवरून अंगठा फिरवायचे आणि कुठं जास्त लाकूड राहिलंय ते सांगायचे. मी भेटायला जायचो. हो, जायचो. ज्याला पाण्यात बघतो त्याच्याकडेच पाय का वळतात, हे मला कळलेलं नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात उलटा करून तळव्यावरचे घट्टे बघितले आणि म्हणाले, "घट्टं झ्याक पडल्यात." एवढंच. मला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. ते काय, हे त्यांना ठाऊक असणार, पण बोलले नाहीत.

ते गेले तेव्हा शिरूरच्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पोरांनी गिटारी आणून भिंतीला ओळीनं टेकवून ठेवल्या होत्या. सगळी डोकी एकसारखी, मान खाली घातलेली. केडगावचे बापू आले. ख्रिस्ती मयताला काय करतात, काय नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. हातात हार होता. शवपेटीपाशी गर्दी होती म्हणून ते क्षणभर घोटाळले, आणि त्यांनी तो सवयीनं पहिल्या गिटारीच्या डोक्यात घातला. पाळकसाहेबांनी बघितलं आणि मान हलवली, राहू द्या म्हणून. हार जागच्या जागी राहिला. रडू मलाही येत होतं. पण मनात म्हटलं, मेल्यावरसुद्धा या माणसाचाच हार सरळ बसतो.

महिन्याभरानं मामींनी बोलावून घेतलं. शेड झाडून स्वच्छ केलेली. त्यांनी कपाटावरून कापडात बांधलेली एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. "ह्यो फर्मा. ह्यावर रेघ मारून ते समदी डोकी कापायचे. आता तुम्ही वापरा."

मी कापड सोडलं. वापरून वापरून काळी झालेली, कडा झिजलेली सागवानी पट्टी होती, वरची कड मामांच्या तऱ्हेनं उतरवलेली. मामा सागवान वापरत नसत. खुंट्यांच्या भोकांची रांग होती, आणि त्या रांगेच्या बाहेर, रेघ सोडून, एक भोक सागाच्या गुल्लीनं बुजवलेलं होतं. सपाट बाजूला खाच होती. माझ्या पटाशीनं काढलेला लचका कानशीनं गोल करून गुळगुळीत केलेला. मी त्यावर अंगठा ठेवला. तो बसला.

"कवाधरनं हाय ह्यो?" मी विचारलं. माझ्या तोंडून शिरूरची भाषा निघाली.

"तुम्ही टाकून गेलात त्याच रविवारी उचलला की. मंडळी गेल्यावर त्यात दोरा अडकवून बघत बसले. जेवायला उठंनात. मला म्हणाले, मार्था, वर्षानुवर्ष हुडकत होतो ते दौंडकराच्या हातनं पडलं बघ." मामींनी पदरानं डोळे टिपले. "तुम्हाला किती येळा सांगितलं त्यांनी. मला म्हणायचे, त्याला वाटतं मी टिंगल करतोय."

आता मी काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे? की माझं मन निवळलं? अजिबात नाही. एक वेळ त्यांनी आकार स्वतः शोधला असता तर मी समजू शकलो असतो. पण लाकूड मी आणलेलं, भोक माझं चुकलेलं, पटाशी माझी घसरलेली, हाराचा सण माझा. आणि माझ्या डोळ्यांदेखत पडलेल्या त्या लचक्यात मला फक्त माझी फजिती दिसली, आणि त्यांना हार दिसला. याचा जेवढा हेवा वाटतो तेवढा मला त्यांच्या नावाचा कधीच वाटला नव्हता.

आता तीच डोकी मी कापतो. मागणी भरपूर आहे. सुशील अजून येतो, आता त्याच्या पोराला गिटार पाहिजे आहे. परवा त्यानं नवी गिटार हातात घेतली, खाचेवरून बोट फिरवलं आणि खूश होऊन म्हणाला, "शिरूर वाला सिर!"

मी म्हणालो, "ये कटिंग दौंड का है. मेरा है."

शेडमध्ये आणखी दोघं-तिघं होते. एकानं दुसऱ्याकडे बघितलं, आणि बाहेर पडताना तो हळूच बोलला ते मला ऐकू आलं: "म्हातारा गेला, आता कुणी बी म्हणंल माझं हाय." मामा हेच बोलायचे तेव्हा त्यांचं मन मोठं ठरायचं. मी बोललो तर माझं कोतं ठरलं. वाक्य एकच, खरंही तितकंच. जळू नको तर काय करू?

यंदाच्या खंडेनवमीला मी शेडमध्ये लेथ, पटाश्या, रंधे मांडले आणि मध्ये तो फर्मा उभा केला. गंध लावलं, हार घातला. दोरा खाचेत बसला, हार सरळ राहिला. सवयीनं हात जोडले आणि डोळे मिटणार, एवढ्यात वाटलं, तो माणूस मागे उभा राहून बघत असणार. मग मी डोळे उघडेच ठेवले.